अमेरिकन फुटबॉल समजून घेताना

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने टोलवला जाणारा गोल चेंडू येतो. अमेरिकेत त्या खेळाला 'सॉकर' म्हणतात आणि फुटबॉल हे नाव तेथे एका सर्वस्वी वेगळ्या खेळाला दिलेले आहे. त्यातील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो बहुतांशी हातात धरून पळवला किंवा फेकला जातो, आणि खेळाडू शिरस्त्राण व खांद्यांवर जाड गाद्या चढवून एखाद्या लढाईस निघाल्यासारखे मैदानात उतरतात. बऱ्हाणपुरातील अनेक मराठी घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे काही महिने राहून आलेले आपले व्यवसायबंधू आणि भगिनी तेथील इतर सर्व गोष्टींचे रसभरीत वर्णन करतात, या खेळाविषयी मात्र बहुतेकांचा अभिप्राय एकच असतो : "एकमेकांच्या अंगावर पडतात, शिट्टी वाजते, उठतात आणि पुन्हा पडतात. कशासाठी, ते काही कळत नाही."

ते कळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. मी क्रीडातज्ज्ञ नाही. चार दशके रुग्ण तपासणारा एक सामान्य चिकित्सक आहे. परंतु या खेळाचे नियम अभ्यासताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. त्यांतील कित्येक नियम कोणाच्या तरी दुखापतीनंतर, क्वचित मृत्यूनंतर लिहिले गेले आहेत. त्यामुळे वैद्यकीय व्यावसायिकाला ते लवकर उमगतात. आणि ज्यांची नातवंडे हा खेळ खेळू पाहतात, त्यांना ते ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मैदान आणि संघ

मैदानाची लांबी १०० यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या सुमारे साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात तेवढी. रुंदी ५३ यार्डांहून किंचित अधिक. दोन्ही टोकांना १० यार्डांची एकेक पट्टी असते, तिला 'एंड झोन' म्हणतात. प्रत्येक पाच यार्डांवर आडवी पांढरी रेघ आखलेली असल्यामुळे मैदान वरून पाहता लोखंडी जाळीसारखे दिसते. मैदानावरील आकडे मध्यावर ५० पर्यंत वाढतात आणि पुढे पुन्हा कमी होत जातात.

प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. मात्र खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, म्हणून एकाच संघात तीन स्वतंत्र तुकड्या बाळगतात : चेंडू आपल्याकडे असताना खेळणारी आक्रमक तुकडी, तो प्रतिपक्षाकडे असताना खेळणारी बचाव तुकडी आणि चेंडूला लाथ मारण्याच्या प्रसंगांसाठी राखलेली विशेष तुकडी. व्यावसायिक व महाविद्यालयीन सामन्यात १५ मिनिटांचे चार भाग असतात, माध्यमिक शाळांत १२ मिनिटांचे. घड्याळ वारंवार थांबत असल्याने व्यावसायिक सामना तीन तास चालतो.

चार संधींचे गणित

या खेळाचे मर्म एका वाक्यात सांगता येते : चेंडू बाळगणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाला 'डाउन' असे नाव आहे. दहा यार्ड सर झाले की पुन्हा नव्याने चार डाउन मिळतात. चारही डाउन वाया गेले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

एक उदाहरण घेऊ. चेंडू आपल्या संघाच्या ३० यार्डांच्या रेघेवर आहे. निवेदक म्हणतो, 'फर्स्ट अँड टेन', म्हणजे पहिला डाउन आणि दहा यार्ड बाकी. खेळाडू चेंडू घेऊन धावतो आणि तीन यार्डांवर पाडला जातो. आता 'सेकंड अँड सेव्हन'. पुढच्या प्रयत्नात फेकलेला चेंडू कोणालाच झेलता आला नाही व तो जमिनीवर पडला. चेंडू होता तेथेच राहिला. 'थर्ड अँड सेव्हन'. तिसऱ्या प्रयत्नात नऊ यार्डांचा झेल मिळाला. चेंडू ४२ च्या रेघेवर पोहोचला आणि पुन्हा 'फर्स्ट अँड टेन'. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारे दोन आकडे एवढीच गोष्ट सांगत असतात.

आपल्या कबड्डीशी तुलना केली तर हे अधिक सुलभ होईल. कबड्डीत मध्यरेषा कायम असते; येथे ती चेंडूबरोबर पुढेमागे सरकते. तिला 'लाइन ऑफ स्क्रिमेज' म्हणतात. या रेषेच्या दोन बाजूंना दोन्ही संघ समोरासमोर ठाकतात. मधला खेळाडू, म्हणजे 'सेंटर', चेंडू आपल्या दोन्ही पायांमधून मागे देतो. या क्रियेस 'स्नॅप' म्हणतात आणि तेथून चढाई सुरू होते. चेंडू स्वीकारणारा 'क्वार्टरबॅक' हा संघाचा सूत्रधार. तो चेंडू धावपटूच्या, म्हणजे 'रनिंग बॅक'च्या हाती सोपवतो, दूर धावणाऱ्या 'रिसीव्हर'कडे फेकतो किंवा स्वतःच धावतो. पुढे फेक एका डाउनमध्ये एकदाच, तीही रेषेच्या मागूनच करता येते. त्याच्यासमोरचे पाच धिप्पाड गडी त्याचे रक्षण करतात. प्रतिपक्ष त्यांना भेदून पकड करू पाहतो. या पकडीचे नाव 'टॅकल'. चेंडू बाळगणारा पाडला गेला व त्याचा गुडघा वा कोपर जमिनीला टेकले की डाउन संपला. क्वार्टरबॅक रेषेच्या मागेच पाडला गेला तर त्यास 'सॅक' म्हणतात. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी चढाई 'करो या मरो'ची असते. येथील चौथ्या डाउनचा ताण साधारण त्याच जातीचा असतो.

म्हणूनच चौथ्या डाउनवर बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत. ते चेंडूला लाथ मारून तो शक्य तितका दूर धाडतात. हा 'पंट'. चेंडू गमवावा लागणारच आहे, तर तो आपल्या घरापासून दूर गमवावा, एवढाच त्यामागील विचार. चेंडू हातातून निसटला तर 'फंबल' आणि आपली फेक प्रतिपक्षाने झेलली तर 'इंटरसेप्शन'. फंबल झालेला चेंडू जो उचलेल त्याचा.

गुण कसे मिळतात?

चेंडू घेऊन एंड झोनमध्ये प्रवेश केला वा तेथे तो झेलला की 'टचडाउन', त्याचे सहा गुण. नाव रग्बीवरून आलेले असले तरी चेंडू जमिनीला टेकवावा लागत नाही. टचडाउननंतर एक जादा संधी मिळते : चेंडू खांबांमधून लाथाडला तर एक गुण, तो पुन्हा एंड झोनमध्ये नेला तर दोन. टचडाउन आवाक्यात नसेल तर कोणत्याही डाउनवर चेंडू लाथ मारून दोन उभ्या खांबांमधून आणि आडव्या दांडीवरून धाडता येतो. या 'फील्ड गोल'चे तीन गुण. चेंडू बाळगणारा स्वतःच्याच एंड झोनमध्ये पाडला गेला तर प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात, त्यास 'सेफ्टी' म्हणतात. बचावफळीतील सर्वांत मागच्या खेळाडूलाही 'सेफ्टी' हेच नाव आहे, त्यामुळे नवख्याचा गोंधळ उडतो.

पिवळा रुमाल

नियमभंग होताच पंच पिवळा रुमाल मैदानावर टाकतात. शिक्षा यार्डांत मोजली जाते. स्नॅपपूर्वी रेषा ओलांडणे, म्हणजे 'ऑफसाइड', किंवा आक्रमकाने आधीच हालचाल करणे, म्हणजे 'फॉल्स स्टार्ट', यांना पाच यार्ड. प्रतिस्पर्ध्यास अवैधरीत्या धरून ठेवणे, म्हणजे 'होल्डिंग', आक्रमक संघाने केले तर दहा यार्ड. झेल घेऊ पाहणाऱ्यास चेंडू पोहोचण्यापूर्वीच ढकलणे हे 'पास इंटरफिअरन्स'.

पंधरा यार्डांच्या शिक्षा पाहिल्या म्हणजे वैद्यकीय दृष्टी जागी होते. शिरस्त्राणाची पुढची जाळी धरून ओढणे, कारण त्याने मान पिळवटते. फेक केल्यानंतर असहाय उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकवर आदळणे. मागून गळपट्टी धरून खाली खेचणे, ज्याला 'हॉर्स कॉलर' म्हणतात; यात पडणाऱ्याचा पाय स्वतःच्याच अंगाखाली मुडपून घोटा मोडतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये २००५ साली यावर बंदी आली. महाविद्यालयीन खेळात शिरस्त्राणाच्या माथ्याने धडक देणे किंवा प्रतिकार करू न शकणाऱ्याच्या डोक्यास लक्ष्य करणे हा 'टार्गेटिंग'चा अपराध असून, २०१३ पासून त्यासाठी खेळाडूला मैदानाबाहेरही काढतात.

जखमांनी लिहिलेले नियम

या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला. तेव्हा तो आजच्या स्वरूपाचा नव्हता. स्क्रिमेजची रेषा १८८० मध्ये आणि डाउनची पद्धत १८८२ मध्ये आली. दोन्हींचे श्रेय येलच्या वॉल्टर कॅम्प यांना दिले जाते. हे गृहस्थ काही काळ वैद्यकाचे विद्यार्थी होते. ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले.

१८९२ मध्ये हार्वर्डने 'फ्लाइंग वेज' हा डाव आणला : खेळाडूंनी पाचरीच्या आकारात एकवटून धावत जाऊन एकाच प्रतिस्पर्ध्यावर आदळायचे. दुखापती एवढ्या वाढल्या की दोन वर्षांत तो निषिद्ध ठरला. तरीही १९०५ च्या हंगामात किमान अठरा खेळाडू दगावल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर पाचारण केले. १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि आवश्यक अंतर पाचाऐवजी दहा यार्ड झाले. गर्दीची रेटारेटी कमी होऊन खेळ मैदानभर पसरावा, हा त्यामागील हेतू होता. आज ज्या लांब फेकीवर प्रेक्षक खुर्चीतून उठतात, ती मुळात जीव वाचवण्याची तरतूद होती. चौथा डाउन १९१२ मध्ये आला.

वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रकरण १९७६ चे आहे. शिरस्त्राणे मजबूत झाल्यावर खेळाडू निर्धास्तपणे डोके पुढे करून धडक देऊ लागले. मान सुमारे ३० अंश पुढे झुकली की ग्रीवेचा नैसर्गिक बाक नाहीसा होऊन मणके एका सरळ स्तंभात येतात, आणि माथ्यावरचा आघात थेट त्यांतून उतरतो. स्नायू व अस्थिबंध तो शोषू शकत नाहीत. मणका फुटतो आणि मज्जारज्जू चिरडला जातो. फिलाडेल्फियाचे अस्थिशल्यविशारद डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी देशभरातील अशा रुग्णांची नोंदवही ठेवून ही कारणमीमांसा मांडली. १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन खेळात डोक्याने पहिली धडक देण्यास बंदी झाली. त्या हंगामात चारही अवयव कायमचे लुळे पडलेले ३४ खेळाडू नोंदले गेले होते. १९८४ मध्ये ही संख्या पाचवर आली. एकही औषध न देता, एकही शस्त्रक्रिया न करता मिळालेले हे यश आहे. प्रतिबंधात्मक वैद्यकाचे याहून नेटके उदाहरण मला ठाऊक नाही.

शिरस्त्राणाची मर्यादा

कवटीचे हाड मोडणे शिरस्त्राणामुळे बहुतांशी टळते. मेंदू मात्र कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबले वा वळले की मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. यास आपण मेंदूचा हादरा, म्हणजे 'कन्कशन' म्हणतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुसंख्य रुग्णांत ती हरपत नाही. सीटी स्कॅनही सहसा निर्दोष असतो.

वारंवार बसणाऱ्या आघातांचे दूरगामी परिणाम मुष्टियोद्ध्यांमध्ये १९२८ सालीच हॅरिसन मार्टलंड यांनी वर्णिले होते. फुटबॉलपटूंच्या बाबतीत त्यांचा पुरावा बराच उशिरा मिळाला. पिट्सबर्ग स्टीलर्सचे विख्यात सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये निवर्तले. त्यांच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली आणि 'टाउ' प्रथिनाचे साठे आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध केले. या विकारास 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी' म्हणतात. २०१७ च्या एका अभ्यासात माजी व्यावसायिक खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये तो आढळला. हे मेंदू मुख्यतः लक्षणे असलेल्यांच्या कुटुंबीयांनी दान केलेले होते, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येणार नाही. पण ते दुर्लक्षिण्यासारखेही नाही. या विकाराचे निश्चित निदान अद्याप मृत्यूनंतरच होते, आणि जितकी अधिक वर्षे खेळ तितका धोका अधिक, असे अभ्यास सुचवतात.

छातीवरील आघाताचे उदाहरण २ जानेवारी २०२३ रोजी कोट्यवधींनी पाहिले. बफेलो बिल्सचा सेफ्टी डामार हॅमलिन टॅकल करून उठला आणि क्षणात कोसळला. हृदयाच्या विद्युत्चक्रातील नेमक्या नाजूक क्षणी छातीवर आघात झाला तर निलये थरथरू लागतात. याला 'कमोशिओ कॉर्डिस' म्हणतात. मैदानावरच छातीदाब व विद्युत्झटका मिळाल्यामुळे तो वाचला आणि त्याच वर्षी पुढील हंगामात पुन्हा खेळला.

सहीचा प्रश्न

माझा नातू टेक्सासमध्ये राहतो. तेथे सातवीपासून शाळेचा टॅकल फुटबॉल सुरू होतो. संघात नाव द्यायचे तर पालकांची संमती लागते. त्या पत्रावर सही करण्यापूर्वी माझ्या कन्येने दूरध्वनीवर विचारले, "बाबा, डॉक्टर म्हणून सांगा, आजोबा म्हणून नको." दोन्ही भूमिका वेगळ्या करणे मला जमले नाही, तरी मी तिला तीन प्रश्न सुचवले. प्रशिक्षक डोके बाजूला ठेवून खांद्याने पकड करायला शिकवतात काय? आठवड्यातील किती सरावांत प्रत्यक्ष धडक असते? हादऱ्याचा संशय आल्यास मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या वेळी ती व्यक्ती मैदानावर हजर असते काय?

तिसऱ्या प्रश्नामागे एका मुलाची कथा आहे. वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा २००६ मध्ये डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि नंतर कोसळला. मेंदूतील रक्तस्रावासाठी त्याच्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचला, पण दीर्घकालीन अपंगत्व आले. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्यात कायदा झाला : हादऱ्याचा संशय आलेल्या मुलाला तत्काळ बाहेर काढावे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घेऊ नये. टेक्सासमध्ये असा कायदा २०११ मध्ये आला आणि २०१४ पर्यंत सर्व पन्नास राज्यांनी तसे कायदे केले.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तिसऱ्याचे संदिग्ध. तेव्हा कन्या व जावई यांनी त्या वर्षी सही न करता मुलाचे नाव 'फ्लॅग फुटबॉल'मध्ये घातले. "आजोबा, माझे सगळे मित्र टॅकल खेळतात," असे म्हणून नातू काही आठवडे माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग मी समजू शकतो. मित्र, शिस्त, संघभावना हे लाभही खरेच आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१५ मध्ये टॅकलवर सरसकट बंदी न सुचवता डोक्याच्या अवैध धडकेबाबत कठोर राहावे आणि बिनधडकेच्या खेळाचे पर्याय वाढवावेत, असे म्हटले होते. दुसऱ्या घरात निर्णय निराळा होऊ शकेल. तो माहितीवर बेतलेला असावा, एवढेच.

मुंबईत झालेला निर्णय

फ्लॅग फुटबॉलमध्ये टॅकल नसते. खेळाडूच्या कमरेच्या पट्ट्याला कापडी फिती लावलेल्या असतात. फीत ओढली की पकड झाली. आंतरराष्ट्रीय प्रकारात एका बाजूला पाच खेळाडू असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकसाठी क्रिकेटसह फ्लॅग फुटबॉलचा समावेश तेथेच मंजूर झाला. टॅकलचा प्रकारही महाराष्ट्रास अगदी अपरिचित नाही : एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या २०१२ मधील पहिल्या हंगामात 'पुणे मराठाज' हा संघ विजेता ठरला होता.

आपल्या अंगणात

हे सारे वाचून कोणी म्हणेल, बऱ्हाणपुरात हा खेळ कोण खेळतो? पण मेंदूला खेळाचे नाव ठाऊक नसते. कबड्डीच्या पकडीत डोके गुडघ्यावर आदळते, क्रिकेटचा चेंडू कपाळावर बसतो, खो-खोत खांबाशी टक्कर होते. क्रिकेटने २०१९ पासून हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडूची तरतूद केली. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथील टी-ट्वेंटी सामन्यात रवींद्र जडेजाच्या शिरस्त्राणावर चेंडू लागल्यानंतर युजवेंद्र चहल त्याच्या जागी आला, हे अनेकांना आठवत असेल. आपल्या शालेय स्पर्धांत मात्र अजूनही तोंडावर पाणी मारून मुलाला पुन्हा मैदानात धाडले जाते.

मार लागल्यावर मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, तोल सांभाळता आला नाही, डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. वारंवार उलटी, वाढती झोप, आकडी, हातापायांत कमजोरी वा बाहुल्यांत फरक दिसल्यास तत्काळ रुग्णालय. लक्षणे ओसरल्यावर पुनरागमन टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यास किमान एक दिवस देऊन आणि डॉक्टरांच्या अनुमतीने. हे नियम एका पानावर मावतात. आपल्या संस्थेने शहरातील क्रीडाशिक्षकांना ते पान द्यावे आणि त्यासोबत छातीदाबाचे एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे, अशी माझी सर्व सभासदांना नम्र सूचना आहे. वर्षातून एक रविवार त्यासाठी पुरेसा आहे.